विषम जाडीचे वितळजोड व कार्यपद्धतीची पात्रता

विषम जाडीचे वितळजोड : जाडीने भिन्न असलेले दोन धातुभाग कडा वितळवून एकसंध केले असता होणारे जोड. असा जोड ज्या रीतीने करावयाचा ती रीत प्रत्यक्ष कामात आणण्यापूर्वी नमुन्यावर कसोटीस लावून मान्य करून घेणे, यास कार्यपद्धतीची पात्रता ठरविणे असे म्हणतात. वितळजोडकामाला व्यवहारात सर्वत्र वेल्डिंग हा शब्द रूढ आहे. जोड पूर्ण झाल्यावर त्याचा पृष्ठभाग तेवढा दिसतो. आतील धातू पूर्णपणे मिसळला आहे किंवा नाही, कडेलगतचा भाग ठिसूळ झाला आहे किंवा नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. जोड तोडून पाहिल्यास ते कळते, परंतु मग तो उपयोगाचा राहत नाही. म्हणून त्याच रीतीने वेगळा नमुना जोडावयाचा, तो तोडून पाहावयाचा आणि त्यावरून मूळ कामाविषयी निष्कर्ष काढावयाचा, असा मार्ग शोधण्यात आला. हा निष्कर्ष किती जाडीपर्यंत लागू धरावा आणि जोडाच्या दोन बाजूंची जाडी वेगळी असल्यास कोणती जाडी प्रमाण मानावी, हे ठरविण्यास मात्र बराच काळ लागला व त्यासाठी अनेक अपघातांची किंमत मोजावी लागली. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे साखर कारखान्यांच्या बाष्पित्रांत उभा राहतो. त्या दृष्टीने अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याचे उदाहरण अभ्यसनीय आहे.

जाडीतील फरकाचे परिणाम : जाडीतील फरकाचे परिणाम मुख्यत्वे तीन प्रकारचे असतात. पहिला उष्णतेचा. जाड भाग उष्णता झपाट्याने शोषून घेतो, तर पातळ भाग लवकर तापतो. त्यामुळे एकच विद्युत् प्रवाह ठेवल्यास पातळ बाजूस भोक पडण्याची आणि जाड बाजूस धातू न वितळता वरवर चिकटण्याची शक्यता असते. शिवाय जाड बाजूकडील पोलाद त्वरेने थंड होऊन कठीण व ठिसूळ बनते. त्यात ओलसर विद्युत् अग्रातून आलेला हायड्रोजन शिरल्यास काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही तडा जातो. दुसरा परिणाम प्रतिबलाचा. भार वाहणाऱ्या पट्टीची जाडी एकाएकी बदलली, तर त्या पायरीशी प्रतिबल एकवटते आणि पुनःपुन्हा पडणाऱ्या भाराने तेथूनच फट सुरू होते. तिसरा परिणाम मांडणीचा. दोन्ही भागांचे मध्य एका रेषेत ठेवावेत की एक पृष्ठ जुळवावे, यावर जोडाला केवळ ताण पडेल की वाकविणारे बलही सोसावे लागेल, हे अवलंबून असते.

पूर्वेतिहास : लोहाराच्या भट्टीत लालबुंद झालेले दोन लोखंडी तुकडे घणाखाली एकजीव करण्याची कला भारतात प्राचीन काळापासून ज्ञात होती. बारीक व जाड तुकडा जोडताना जाड तुकडा आधी आगीत घालावयाचा आणि दोघांचा रंग सारखा झाल्यावरच ऐरणीवर घ्यावयाचे, हा त्या कलेतील व्यवहारी नियम म्हणजे विषम जाडीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर होय. मोठ्या वस्तूंत मात्र जोड टाळण्याकडेच कल असे. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली व पुढे विजापुरास गेलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ याचे उदाहरण आहे. एकाच ओतकामात तयार झालेल्या तिच्या भिंतीत सांध्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वाफेच्या युगात पत्रे जोडण्यासाठी रिव्हेट वापरीत. रिव्हेटच्या सांध्यात दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरलेले असतात, पण ते दोन निरनिराळे पत्रेच राहतात. एका पत्र्यात गेलेला तडा बहुधा त्याच्या कडेशी थांबतो. जाडी वेगळी असली, तरी पत्रे तापवून वितळवावे लागत नसल्याने धातूच्या गुणधर्मांत फरक पडत नाही. वितळजोडाने ही स्थिती पालटली. जोडलेली रचना हे एकच अखंड शरीर बनले. तिचे वजन घटले आणि गळती थांबली, परंतु एका ठिकाणी उद्‌भवलेल्या तड्यास आता सर्वत्र जाण्याची वाट मोकळी झाली.

विद्युत् प्रज्योतीचा वितळजोडासाठी उपयोग करण्याची रीत बेनार्डोस व ऑल्शेव्स्की यांनी १८८५ च्या सुमारास कार्बनाचे अग्र वापरून सिद्ध केली. स्लाव्यानॉव्ह यांनी १८८८ मध्ये धातूचेच वितळणारे अग्र वापरले. स्वीडनमध्ये ऑस्कार शेलबर्ग यांनी विद्युत् अग्रावर रासायनिक आवरण देण्याची कल्पना पुढे आणली व १९०४ मध्ये ‘इसाब’ या कंपनीची स्थापना केली. या आवरणामुळे वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण होऊ लागले आणि जोड विश्वासार्ह झाला. तरीही पुढील दोन-तीन दशके जोडाचा भरवसा हा वेल्डरच्या हाताचा भरवसा होता; रीत कागदावर लिहिलेली नसे.

बाष्पित्रांचे कायदे : वितळजोडाला लेखी शिस्त लागली ती प्रामुख्याने बाष्पित्रांमुळे. कलकत्त्यात १८६३ मध्ये झालेल्या बाष्पित्र-स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालचा तपासणी कायदा झाला. पुढे अन्य प्रांतांनीही आपापले कायदे केले. त्यांत एकवाक्यता नसल्याने १९२३ चा भारतीय बाष्पित्र अधिनियम संमत करण्यात आला. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे २० मार्च १९०५ रोजी बुटांच्या कारखान्यातील बाष्पित्राचा स्फोट होऊन ५८ माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेनंतर त्या राज्याने १९०७ मध्ये नियम केले आणि ‘अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल एंजिनिअर्स’ या संस्थेची बाष्पित्र-संहिता १९१४ मध्ये तयार झाली.

बाष्पित्राच्या मुख्य पिंपाचे सांधे वितळजोडाने करण्यास या संहितेने १९३१ मध्ये मान्यता दिली. जाड पिंपाचा जोड क्ष-किरणांनी तपासता येऊ लागल्यामुळे ही मान्यता शक्य झाली. १९४० च्या सुमारास कार्यपद्धती व वेल्डर यांच्या पात्रतेचे नियम संहितेच्या नवव्या विभागात एकत्र करण्यात आले. या विभागाने दोन प्रश्न स्पष्टपणे वेगळे केले. रीत योग्य आहे काय, हा पहिला. ती रीत या वेल्डरच्या हाताला साधते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निर्मात्याने एकदा सिद्ध करून द्यावयाचे, दुसऱ्याचे प्रत्येक वेल्डरने स्वतः. सहा महिने त्या प्रक्रियेने काम न केल्यास वेल्डरची पात्रता संपते. रीतीची पात्रता मात्र तिच्यातील आवश्यक घटक बदलेपर्यंत टिकते.

तीन अपघात : केवळ धातूचे बळ तपासून भागत नाही, जोडाचा आकार व जाडीही विचारात घ्यावी लागते, हे तीन घटनांनी पटविले. बेल्जियममध्ये हासेल्ट येथील संपूर्ण वितळजोडाचा पूल १४ मार्च १९३८ रोजी मोडून अल्बर्ट कालव्यात कोसळला. अमेरिकेत १६ जानेवारी १९४३ रोजी ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याजवळ शांत पाण्यात उभे असताना दुभंगले. त्याच काळातील अनेक ‘लिबर्टी’ जहाजांत तडे गेले. तपासात थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, सदोष जोड आणि झाकणांच्या काटकोनी कोपऱ्यांसारखे आकारातील एकाएकी झालेले बदल ही कारणे आढळली. तिसरी घटना विषम जाडीशी थेट निगडित आहे. मेलबर्न येथील ‘किंग्ज ब्रिज’ १९६१ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि १० जुलै १९६२ रोजी अवजड वाहन जात असताना त्याचा एक गाळा खचला. तुळयांच्या खालच्या पट्टीस बळकटीसाठी जादा पट्ट्या जोडलेल्या होत्या. या जादा पट्ट्या जेथे संपत, म्हणजे जाडी एकदम कमी होई, तेथील आडव्या जोडांशी तडे गेले होते. त्यांपैकी काही तडे कारखान्यातच पडलेले असून तपासणीत नजरेतून निसटले होते. बळकटीसाठी वाढविलेली जाडीच अशा रीतीने दुर्बलतेचे कारण ठरली.

कसोटीची रीत : पात्रता ठरविताना प्रथम कार्यपद्धती-पत्रक तयार करतात. त्यात मूळ धातूचा वर्ग, जाडी, कडांचा आकार, विद्युत् अग्राचा प्रकार, प्रवाह, काम करण्याची स्थिती, पूर्वतापन आणि जोडानंतरची उष्णता-प्रक्रिया नमूद असतात. त्यानुसार नमुना-पट्टी जोडून तिचे तुकडे कापतात. अमेरिकन संहितेप्रमाणे सामान्यतः दोन तुकडे ताणून तोडतात व चार तुकडे वाकवितात. वाकविलेल्या तुकड्याच्या ताणलेल्या बाजूस ३ मिमी.पेक्षा मोठी फट उघडल्यास नमुना नापास ठरतो. मिळालेली मूल्ये प्रत्यक्ष वापरलेल्या प्रवाहासह कसोटी-नोंदीत लिहितात. पत्रक म्हणजे काय करावयाचे याची आज्ञा आणि नोंद म्हणजे काय केले याचा पुरावा होय; पुराव्यावाचून आज्ञेला मोल नाही.

नमुन्याच्या जाडीवरून कामाची जाडी ठरते. दीड ते १० मिमी. जाडीचा नमुना यशस्वी झाल्यास सु. १·५ मिमी.पासून नमुन्याच्या दुपटीपर्यंत काम करता येते. त्याहून जाड, परंतु ३८ मिमी.पेक्षा कमी जाडीच्या नमुन्याने ५ मिमी.पासून दुपटीपर्यंत, तर ३८ ते १५० मिमी. नमुन्याने ५ ते २०० मिमी.पर्यंत मुभा मिळते. खालची मर्यादाही घातलेली असते, ही बाब लक्षणीय आहे. जाड काम साधणाऱ्या रीतीने पातळ काम साधेलच असे नाही, हा अनुभव तीत सामावलेला आहे.

दोन बाजूंची जाडी भिन्न असल्यास दोन्हींचा स्वतंत्र विचार करतात. पातळ भाग नमुन्याने दिलेल्या मर्यादेत असलाच पाहिजे. भार शेवटी त्याच्याच छेदातून जातो व जोडाची खोलीही बहुधा त्यावरूनच ठरते. जाड भागही मर्यादेत असावा लागतो. मात्र नमुना ३८ मिमी. किंवा अधिक जाडीचा असल्यास जाड भागाला वरची मर्यादा नाही. अगंज पोलादासारख्या काही धातुवर्गांत, दोन्ही भाग एकाच वर्गातील असल्यास, ६ मिमी. जाडीच्या नमुन्यावरही ही सूट मिळते, कारण हे पोलाद त्वरेने थंड झाले तरी कठीण बनत नाही. या नियमाचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. ४ मिमी. जाडीची नळी ४० मिमी. जाडीच्या भागाशी जोडावयाची आहे. ४ मिमी.चा नमुना ८ मिमी.पर्यंतच मुभा देतो, म्हणून जाड बाजू बाहेर राहते. ३८ मिमी.चा नमुना जाड बाजू सामावून घेतो, पण ५ मिमी.च्या खाली उतरत नाही, म्हणून नळी बाहेर राहते. एकाच पट्टीचा पुरावा येथे पुरत नाही. असा जोड करणाऱ्यास दोन्ही टोकांचा विचार आधीच करणे नियमाने भाग पाडले आहे.

पूर्वतापनाच्या बाबतीत ब्रिटिश मानकांनी ‘एकत्रित जाडी’ ही संकल्पना वापरली. उष्णता ज्या ज्या भागांतून वाहून जाते त्यांच्या जोडालगतच्या जाड्यांची बेरीज करावयाची आणि ती पोलादाच्या कार्बन-तुल्यांकाशी पडताळून तापन ठरवावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. येथे पातळ भाग प्रमाण न मानता दोन्ही भाग हिशेबात घेतात. बळासाठी पातळ बाजू व उष्णतेसाठी दोन्ही बाजू, असा हा भेद आहे.

जाडीतील पायरी काढून टाकण्यासाठी जाड भागाला उतार देतात. अमेरिकन संहितेत दाबपात्रांच्या जाडीतील फरक पातळ भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा किंवा सु. ३ मिमी.पेक्षा, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त असल्यास फरकाच्या किमान तिप्पट लांबीचा उतार आवश्यक असतो. पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात, बदलत्या वा आघाती भाराखालील जोडांसाठी, पाचास एक याहून तीव्र उतार चालत नाही. पूल, यारी यांसारख्या रचनांवर भार पुनःपुन्हा पडत असल्याने हा नियम अधिक कडक आहे.

भारतातील विकास : स्वातंत्र्याच्या सुमारास व त्यानंतर भारतात या विषयाला संस्थात्मक पाया लाभला. १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो). १९२३ च्या अधिनियमाखाली भारतीय बाष्पित्र विनियम १९५० मध्ये तयार झाले व त्यांत वेल्डरच्या परीक्षेची तरतूद करण्यात आली. विद्युत् अग्रे देशात बनविण्याच्या उद्योगात मुंबईच्या अडवाणी-ओर्लिकॉन या १९५१ मधील कंपनीचा वाटा मोठा आहे. दाबपात्रांची भारतीय संहिता (आयएस २८२५) १९६९ मध्ये आणि कार्यपद्धती व वेल्डर यांच्या मान्यता-चाचण्यांची मानके (आयएस ७३०७ व आयएस ७३१०) १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंग’ ही संस्था १९६६ मध्ये कलकत्त्यात, तर वेल्डिंग संशोधन संस्था १९७५ मध्ये तिरुचिरापल्ली येथे सुरू झाली.

अहिल्यानगर जिल्हा : गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांमुळे या जिल्ह्यात ऊसशेती वाढली व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच खाजगी साखर कारखाने उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणी येथे स्थापन झालेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ चा. बाष्पित्र विनियम आणि सहकारी साखर कारखानदारी यांचा आरंभ अशा प्रकारे जवळजवळ एकाच वेळी झाला. पुढे जिल्ह्यात सहकारी कारखान्यांची मालिकाच निर्माण झाली आणि प्रत्येकाबरोबर उसाच्या चिपाडावर चालणारी बाष्पित्रे आली.

या बाष्पित्रांत जाड पिंप, त्याहून कमी जाडीची शीर्षनळकांडी आणि पातळ नळ्या यांची रचना असते. पिंपात नळ्यांची टोके पूर्वापार फुगवून बसवितात. त्यामुळे विषम जाडीचे वितळजोड मुख्यतः शीर्षनळकांड्यांवरील आखूड नळ्यांशी व दुरुस्तीच्या कामात आढळतात. चिपाडाबरोबर येणारी रेती व राख नळ्यांना बाहेरून घासते. हंगाम संपल्यावर, उन्हाळा व पावसाळ्यात, नळ्यांची जाडी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने मोजतात व झिजलेला तुकडा कापून नवा बसवितात. नवी नळी ४·०६ मिमी. जाडीची आणि जुनीची उरलेली जाडी ३ मिमी. असली, तर फरक सु. १ मिमी. असतो. हा फरक किरकोळ वाटतो; परंतु दाबपात्रांचा वर दिलेला हिशेब लावल्यास ३ मिमी.चा चतुर्थांश ०·७५ मिमी. येतो, म्हणजे हा फरकही उतार मागणाराच आहे. दाब कमी होता तोपर्यंत अशा जोडांतील उणिवा निभावून जात. साखरेबरोबर वीज निर्माण करण्याच्या प्रकल्पांत दाब दर चौ. सेंमी.स ६७, ८७ आणि ११० किग्रॅ.पर्यंत चढला, आणि निभावून नेण्यास जागा उरली नाही. हंगामात एक नळी फुटली तरी बाष्पित्र थंड करावे लागते, गाळप थांबते आणि तोडलेला ऊस गाडीत वाळतो; भट्टीजवळच्या कामगारांच्या जिवाला असलेला धोका तर वेगळाच.

केडगाव व लहान कारखाने : केडगाव हे अहिल्यानगर शहराच्या दक्षिणेस पुणे रस्त्यावर असून आता शहराचाच भाग बनले आहे. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ असलेले केडगाव याहून निराळे. नगर परिसरात १९७० नंतर यंत्रोद्योग वाढला. १९७२ मध्ये बाजारात आलेली ‘लुना’ ही लहान दुचाकी येथील कायनेटिक एंजिनिअरिंगची निर्मिती होय. मोठ्या उद्योगांच्या आधाराने अशा शहरांत व त्यांच्या उपनगरांत फॅब्रिकेशनची लहान दुकाने वाढतात. टाक्या, शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ही त्यांची नेहमीची कामे असतात. ट्रॉलीत पातळ पत्रा, मध्यम जाडीचे चॅनेल आणि जाड ओढदांडा एकत्र जोडावे लागतात. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा ओढदांडा खाचखळग्यांच्या रस्त्यावर क्षणोक्षणी ओढला व ढकलला जातो. म्हणजे विषम जाडी आणि बदलता भार या दोन्ही गोष्टी येथे बाष्पित्राइतक्याच गंभीरपणे उपस्थित असतात. फरक एवढाच, की बाष्पित्राच्या जोडामागे कायदा, निरीक्षक व कसोटी-नोंद असते, आणि ट्रॉलीच्या जोडामागे बहुधा वेल्डरचा अनुभव तेवढा असतो. जाड बाजू आधी तापविणे, प्रज्योतीचा रोख जाड भागाकडे ठेवणे, विद्युत् अग्रे कोरडी राखणे, पट्टीचे टोक एकदम न तोडता निमुळते करणे, या चार गोष्टी लेखी लिहून एका नमुन्यावर तोडून पाहिल्या तरी छोट्या दुकानातही कार्यपद्धतीचा आरंभ होऊ शकतो. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शेगडा, घण व नमुन्याचे दोन तुकडे पुरतात.

मर्यादा व सद्यःस्थिती : कार्यपद्धतीची पात्रता म्हणजे प्रत्येक जोडाची हमी नव्हे. नमुना सपाट टेबलावर, मोकळ्या हवेत जोडला जातो. प्रत्यक्ष जोड भट्टीच्या अरुंद पोटात, आरशात पाहून करावा लागतो. नमुना मुक्त असतो, तर कामातील भाग चहूकडून जखडलेला असतो. म्हणून पात्रतेच्या जोडीला वेल्डरची परीक्षा, कडांच्या मांडणीची तपासणी, क्ष-किरण वा श्राव्यातीत परीक्षण आणि पाण्याच्या दाबाची चाचणी ही पुढची पाहणी आवश्यक ठरते. २०२५ मध्ये संसदेने नवा बाष्पित्र अधिनियम संमत करून १९२३ चा अधिनियम रद्द केला. वितळजोडकामात यंत्रमानव व संगणकीय नियंत्रण यांचा शिरकाव झाला असला, तरी नव्या यंत्रालाही आधी नमुना जोडून दाखवावा लागतो आणि तो नमुना तोडूनच पाहिला जातो.